दीड लाखांपैकी आमच्या वाट्याच्या काळजीवाहकास

प्रति,
पिंपळनेरच्या वाट्याला येणारे काळजीवाहक,


2026-27 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात वर्षभरात 1.5 लाख काळजीवाहक तयार करायचं जाहीर झालं, तेव्हापासून आम्ही दाराला कडी लावलेली नाही. तुमच्या अभ्यासक्रमात योगही आहे म्हणे. उत्तम. सासूबाईंची उजवी बाजू लकव्याने गेली आहे. डाव्या बाजूची आसनं तुम्ही आलात की सुरू करू.

परवा आशाताई आरोग्याचा फॉर्म घेऊन आल्या. तिशीपुढच्या प्रत्येकाचा भरतात तो. साठीपुढच्यांना जादा प्रश्न: उभं राहताना तोल जातो का, जेवायला, आंघोळीला, संडासला मदत लागते का? ‘हो’वर खूण झाली. म्हटलं, "मग पुढे?" ताई म्हणाल्या, "पुढे सही." एका फॉर्मचे त्यांना दहा रुपये. त्यांच्याशी माझं भांडण नाही. कबूल झालेली मानधनवाढ मिळावी म्हणून 2024 मध्ये आझाद मैदानात बसावं लागलं या बायकांना.

पण त्या खुणेने सासूबाईंची कूस बदलत नाही. रात्री दोनला हाक येते, "माय, मन्ही पाठ दुखस." पाठीखाली हात घालायचा, चादरीसकट वळवायचं, माकडहाडावरची लाल कातडी बॅटरी धरून बघायची, ओलं फडकं काढायचं. दोन तासांनी पुन्हा तेच. माझी निंदणीची रोजंदारी बंद झाली, आणि घरी येणारा जाणारा विचारतो, "सध्या काही करत नाही का?" करते! हे काम आहे, आणि फुकट करून घेताय तुम्ही सगळे!

वयोश्री योजनेच्या तीन हजारांत काठी येते, माणूस येत नाही.

2021 च्या जूनमध्ये कोविडसाठी एक लाख जणांना शिकवायला घेतलं होतं, त्यात घरची शुश्रूषाही होती. त्यातलं कुणी आमच्या गल्लीत दिसलं नाही. तुम्हीही दिसणार नाही. इथे कांदा विकल्यावर चार पैसे येतात, तेही उधारीत जातात; तुम्हाला पगार कोण देणार? तुम्ही सुरतेला जाल, बारा-बारा तास कुणाच्या तरी आजोबांचं अंथरूण बदलाल, आणि इकडे तुमची आई पडली तर तुमची वहिनी रोजंदारी सोडेल. तुमच्यावर तरी काय चिडायचं? जा बापा.

फक्त गाडी पकडण्याआधी अर्धा तास घरी या. लकव्याच्या माणसाला एकटीने पलंगावरून खुर्चीत कसं बसवायचं, तेवढं दाखवा. दुपारी या, सासूबाई जाग्या असतात. चहा देईन. फॉर्म आणू नका.

आपली,
विनाप्रमाणपत्र सून