गोरेगाव ते गोरेगाव

पाटलाचा फोन डिसेंबरात येतो. "यायलो रे. इकडं लई गारठा हाय. परभणी सहावर आली." हिंगोली जिल्हा 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा झाला, पण थंडीच्या वाटण्या अजून व्हायच्या आहेत. पारा परभणीच्या कृषी विद्यापीठात उतरतो आणि कुडकुडतो आमचा सेनगाव तालुका.

पाटील हे त्याचं आडनाव नव्हे. आमच्याकडं पहिलीपासून बरोबर शिकलेला कुणीही पाटीलच, सातबारा कुणाच्या का नावावर असेना. तो गोरेगावातच राहिला. मी नोकरीपायी मुंबई गाठली आणि फिरून गोरेगावातच घर घेतलं.

थंडीपासून पळायची त्याची रीत अशी, की त्यासाठी तो हिवाळ्यातली सगळ्यात गार रात्र निवडतो. 2024 पासून जनशताब्दी हिंगोलीहून सुटते खरी, पण सुटते पहाटे. म्हणजे गावातून अडीच-तीनलाच मोटारसायकल. पुढं पुतण्या, मागं हा. माकडटोपी, तीवर मफलर, वरून घोंगडी आणि मांडीवर पोतं. पोत्यात तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे डहाळे, ज्वारीचं पीठ, हळद. दादरला उतरतो तेव्हा दुपार कललेली असते, फलाटावरचे लोक घाम पुसत असतात आणि हा टोपीच्या भोकातून लोकलची चौकशी करत असतो.

सोसायटीच्या फाटकावर वही असते. 'कुठून आले' या रकान्यात पाटलानं लिहिलं, गोरेगाव. वॉचमन म्हणाला, "काका, कुठं आलात ते नाही, कुठून आलात ते लिहा." पाटलानं खोडून पुन्हा गोरेगाव लिहिलं. प्रकरण माझ्यापर्यंत आलं तेव्हा रकान्यात तीन गोरेगावं होती आणि दोघंही आपापल्या गोरेगावावर ठाम होते.

आमच्याकडं पारा अठरावर आला की स्वेटर डांबरगोळ्यांसकट कपाटातून बाहेर येतात. ते पाहून पाटील पोट धरून हसतो. "ही थंडी व्हय? एवढ्यावर आमच्याकडं पंखा चालू असतो." मग रात्री जेवणं झाली की तो खरी थंडी सांगायला बसतो. शेतीच्या पंपाला लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीत दोनला गव्हात उतरायचं, पायात चिखल, दातात बॅटरी, हातात खोरं. एक वाफा भरला की दुसऱ्याचं दारं फोडायचं. बोटं आपली आहेत की शेजाऱ्याची, कळत नाही. बांधापलीकडं काही खसफसलं तर रानडुक्कर समजून आपणच ओरडायचं. हे तो इतकं रंगवतो की बायको उठून खिडकी लावते.

"मग आता गव्हाला पाणी कोण देतंय?" ती विचारते.

"धाकटा हाय ना," पाटील सुपारी कातरत म्हणतो.

मुंबई त्याला बघायची नसते. आरेच्या जंगलात नेलं तर म्हणाला, "झाडं पाहायला एवढ्या लांब येतेत का?" चित्रनगरी बाहेरूनच पाहिली. त्याला हवं असतं ऊन. गावाकडं ते रानभर फुकट सांडलेलं असतं, पण तिथं उन्हात बसलेला माणूस दिसला की कुणीतरी त्याच्या हातात विळा देतं. आमच्या बाल्कनीत ऊन येतं दहा वीसला, दोन टॉवरांच्या फटीतून, आणि अकराला जातं. रुंदी साधारण सतरंजीएवढी. पाटील खुर्ची घेऊन त्या पट्ट्यात बसतो. पट्टा तुळशीकडं सरकला की खुर्ची तुळशीकडं, वॉशिंग मशीनवर चढला की पाटील मशीनला टेकून उभा. शेवटी उन्हाचा चौकोन त्याच्या एका चपलेवर उरतो, तर तो त्यातलं पाऊल काढत नाही.

तिसऱ्या दिवशी त्याला शोध लागला की फाटकाशी दिवसभर ऊन असतं. वॉचमनची आणि त्याची गट्टी जमली. वॉचमन चहाला जाऊ लागला, जेवायला जाऊ लागला, मग दुपारची झोपही घेऊ लागला. एका संध्याकाळी मी कामावरून आलो तर खुर्चीत पाटील, मांडीवर वही, समोर पार्सलवाला पोरगा.

"कुठून आला?"

"गोरेगावातूनच, काका."

"कोणतं गोरेगाव?" पाटलानं चष्म्यावरून पाहिलं. "नीट लिही. मागं लई घोटाळा झालाय."

सोसायटीचे चेअरमन मला लिफ्टमध्ये म्हणाले, नवा माणूस कडक आहे, याला सोडू नका.

पण आठव्या दिवशी धाकट्याचा फोन आला. पाटील फोन कायम स्पीकरवर बोलतो. "दादा, सोमवारपासून लाईट दिवसाची हाय."

पाटलानं रिकामं पोतं झटकलं, घडी घातली. "चाल्लो मी. गारठा मोडला म्हणायचा तिकडचा."

त्या दिवशीच्या पेपरात परभणी साडेपाचावर होती.