आठवड्याचा आराखडा

आठवड्याचा स्वयंपाक आधीच ठरवण्याचे फायदे निर्विवाद आहेत. पैसे वाचतात, अन्न वाया जात नाही आणि ‘आज काय करू?’ हा प्रश्न मिटतो. उरतो तो ‘आज हे का केलं?’ एवढाच. पिपरी मेघेतल्या एका गृहस्थांनी तर रकाने आखून, स्केचपेनने रंगवून कागद फ्रिजवर लावला. सोमवारी भरीत, मंगळवारी पाटवडी. बाजारात पालक ढिगाने पडला होता, वांगी महाग होती. पण कागदावर वांगी, म्हणून पिशवीतही वांगीच. मंगळवारी पाहुणे आले, त्यांचा नेमका उपास.

दाखला त्यांनी जवळच्याच सेवाग्रामच्या गांधीजींचा दिला. गांधीजींनी १९१५ साली हरिद्वारच्या कुंभमेळ्यात व्रत घेतलं होतं: दिवसाला पाचच जिन्नस, औषधही त्यातच धरायचं, आणि अंधार पडल्यावर जेवण बंद. शिवाय आश्रमात अस्वादव्रत. चवच सोडली की नियोजनाला अडचण कसली! पण यांच्या पाटवडीच्या रश्शात पाच जिन्नस फोडणीतच संपतात.

मिसेसनी शांतपणे विचारलं, “अहो, या कागदात मसाला कोण वाटणार, त्याचा रकाना कुठाय?”

गृहस्थ सध्या पुढच्या महिन्याचा आराखडा करताहेत.