धुकं दाखवा

सोलापुरात राहून गाडीला फॉग लाइट बसवणं म्हणजे मे महिन्यात गच्चीवरच्या कुरडयांना हीटर लावणं, असं आमच्या हिचं मत आहे. हे मत चुकीचं असतं तर मला हे सगळं सांगायची वेळच आली नसती.

मी चिंचोळी एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. महिनाअखेरीला घरी निघायला रात्रीचे दहा वाजतात. अशाच एका रात्री, ऐन गाळपाच्या दिवसांत, कोंडीच्या अलीकडे माझ्या पुढ्यात अचानक एक भिंत उभी राहिली. ती भिंत म्हणजे ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या होत्या, मागे ना लाल दिवा ना चमकणारी पट्टी. मी ब्रेकवर उभाच राहिलो. गाडी थांबली, पण शेजारच्या सीटवरचा डबा थांबला नाही, आणि घरापर्यंत मी शेंगाचटणीचा वास घेत, थरथरत, 'आता दिवे बसवायचेच' असं स्वतःला बजावत आलो.

दुकानातल्या पोराने मला एका नजरेत ओळखलं. "काका, हे लावा, मोहोळ दिसतंय चिंचोळीतून." मला मोहोळ बघायची काहीच गरज नव्हती. तरी घेतले. त्याने ते बंपरच्या वर, हेडलाइटपेक्षाही उंच बसवले, वायर थेट बॅटरीवरून ओढली, आणि रिलेचं विचारलं तर 'काय गरज न्हाई बे' असं म्हणता म्हणता जीभ चावून 'काका' जोडलं. दुसऱ्या दिवशी कळलं की हॉर्न दाबला की दिवे लागतात, दिवे लावले की रेडिओ बंद पडतो, आणि रिव्हर्स टाकला की तिन्ही गोष्टी आपापसात ठरवून काहीतरी तिसरंच करतात.

पण उजेड! पाकणीकडून येणारे टँकर मला लांबूनच डिपर मारायचे. मी समजायचो, ओळख दाखवतायत. मीही परत मारायचो. आठवडाभर माझ्या ओळखी फार वाढल्या.

मग एका चांदण्या रात्री हवालदारांनी हात केला. डोळ्यांवर पंजा धरूनच ते खिडकीशी आले.

"हे काय लावलंय?"

"फॉग लाइट. धुक्यासाठी."

त्यांनी आकाशाकडे पाहिलं. पुनवेच्या आसपासचा चंद्र होता. "धुकं दाखवा, सोडतो."

500 रुपयांचं ई-चलन मोबाइलवर आलं आणि त्याच मोबाइलवर मी आयुष्यात पहिल्यांदा 1989 चे केंद्रीय मोटार वाहन नियम वाचले. नियम 111 म्हणतो, गाडीच्या पुढे सर्चलाइट-स्पॉटलाइट नको. अगदी अपवाद असेल तर नोंदणी अधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्या. कायद्याचं कलम 52 म्हणतं, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेशी जुळणार नाही असा बदल गाडीत करू नका. आणि 2019 च्या दुरुस्तीने बदललेलं 182-अ म्हणतं, असा बदल मालकाने केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दर बदलामागे 5,000 रुपये दंड, नाहीतर दोन्ही. हिशेबनीस माणूस मी. दिवे दोन. मी गुणाकार केला आणि पाणी प्यायलो.

सगळ्यात जीव जडला तो नियम 106 वर. गाडीच्या दिव्याचा झोत कायम खाली झुकलेला हवा, इतका, की दिव्यापासून 8 मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला दिपायला होऊ नये. म्हणजे कायद्यानं रस्त्यात एक माणूसच उभा केलाय! मी टेप काढली. कारखान्याचे वॉचमनमामा सहा फुटी, त्यांचे डोळे कायद्याच्या फार वर जात होते. मग माझेच मोजले. बरोब्बर दीड मीटर. लग्नाच्या बाजारात जी उंची कमी पडली होती, ती केंद्र सरकारला अचूक हवी होती.

मी खडूच्या फुलीवर ताठ उभा राहिलो. मामांनी बटण दाबलं. पुढची दोन मिनिटं मला जगात फक्त दोन जांभळे गोळे दिसत होते, आणि त्यांच्याच मागे जाता जाता मी सुताच्या रिकाम्या कोनांच्या ढिगात बसलो. फिर्यादी मी, आरोपी मी, आणि मुद्देमालही माझाच.

शहाण्या मेकॅनिककडे गेलो तेव्हा तो आधी पोटभर हसला. म्हणाला, धुकं म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे थेंब. उंचावरून प्रखर झोत टाकलात तर तोच उजेड थेंबांवरून उलटा तुमच्या डोळ्यांत येणार. म्हणून हे दिवे खाली हवेत, झोत रुंद आणि वरून कापल्यासारखा सपाट हवा. मग त्याने बंपरमधल्या दोन काळ्या झाकण्या काढल्या. आत कंपनीने वरच्या मॉडेलसाठी ठेवलेले दोन गोल खळगे होते! नऊ वर्षं मी ती नक्षी समजून पुसत होतो. त्यात कंपनीचेच दिवे बसले, रिले आला, फ्यूज आला, वेगळं बटण आलं.

आता फक्त धुकं यायचं राहिलं होतं. डिसेंबर कोरडा गेला. गड्ड्याची जत्रा आली, शोभेच्या दारूचा धूर झाला, पण धूर चालत नाही. शेवटी जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे दूधवाल्याने हाक मारली, "काका, बाहेर बघा, काय दिसंना झालंय." मी स्वेटर उलटा घालून धावलो. सुट्टी असल्याने जायचं कुठेच नव्हतं. गाडी अंगणातच ठेवली, इंजिन बंदच होतं, बटण दाबलं आणि पुढे येऊन उभा राहिलो. जमिनीलगत दोन पिवळसर पंखे उघडले होते. हिलाही बोलावलं. तिनं चहा आणला. आम्ही दोघं धुकं बघत बसलो, लग्नानंतर महाबळेश्वरला बसलो होतो तसं.

आठ वाजता धुकं विरलं. मी गाडी सुरू करून बघायला किल्ली फिरवली. गाडीने एक उसासा टाकला आणि डोळे मिटले. दोन दिवे पंचावन्न-पंचावन्न वॅटचे, बॅटरी चार वर्षांची. हा गुणाकार मात्र मी केला नव्हता.

हिनं कप गोळा केले. "धुकं झालं," ती म्हणाली, "आता धक्का."