किल्ली माझ्याकडेच आहे

माझ्या इन्स्टाग्रामवर जे लोक नेमाने हजेरी लावतात, त्यांतले बहुतेक स्वतःच फ्लॅट विकतात. मी कोथरूडच्या एखाद्या फ्लॅटचं रील टाकलं की पाच मिनिटांत बाणेरचा एक एजंट अंगठा दाखवतो, हडपसरचा एक जण आगीच्या ज्वाळा टाकतो आणि वाघोलीचे एक गृहस्थ, ज्यांना मी आयुष्यात पाहिलेलं नाही, ‘ऑसम प्रॉपर्टी सर’ असं लिहितात. मीही मग वाघोलीला जाऊन (अर्थात फोनवरूनच) त्यांच्या रीलखाली ‘ऑसम’ लिहून येतो. लग्नातल्या आहेरासारखा हा व्यवहार आहे. कुणी किती दिलं ते लक्षात ठेवून तेवढंच परत करायचं. या सगळ्या गर्दीत घर घेणारा माणूस मात्र दिसत नाही.

असं का होतं, याचा उलगडा भाच्याच्या लॅपटॉपवर झाला. माझं ऑनलाइन खातं तोच सांभाळतो. जून २०२० च्या अखेरीस टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील आणलं; मधल्या काही दिवसांत काय तो हा मुलगा घरच्यांशी बोलला. तर फेसबुकला पैसे देऊन जाहिरात करायची म्हणजे ती कुणाला दाखवायची हे सांगावं लागतं. भाच्याने भरलं: वय पंचवीस ते पन्नास, कर्वे पुतळ्याच्या आसपासचा परिसर, आवड: रिअल इस्टेट. आता तुम्हीच सांगा, ज्याला एक घर हवंय त्याला रिअल इस्टेटची आवड कुठून असणार? त्याला गरज असते, हप्त्याची धास्ती असते, बायकोशी मतभेद असतात. निव्वळ आवडीपोटी दिवसभर दुसऱ्यांचे फ्लॅट बघणारा माणूस पुण्यात एकच, आणि तो म्हणजे इस्टेट एजंट. फेसबुकने आपलं काम चोख केलं होतं. माझ्या पैशांनी त्याने माझी जाहिरात पश्चिम पुण्यातल्या झाडून सगळ्या एजंटांना दाखवली.

अगदी सगळेच एजंट नव्हते. आणखी एक वर्ग होता, ज्यांचं घर पंधरा-वीस वर्षांपूर्वीच झालंय अशांचा. त्यांना दुसऱ्याच्या ओट्याचा रंग, ट्रॉल्या आणि पडदे बघायचे असतात. पूर्वी त्यासाठी वास्तुशांतीच्या आमंत्रणाची वाट बघावी लागे. आता चपला न काढता बघता येतं.

जाहिरातीला जोडून एक फॉर्म येतो. त्यात नाव आणि नंबर आधीच भरलेले असतात, माणसाने फक्त अंगठा टेकवायचा. त्यामुळे फॉर्म बदाबदा येतात. या एकेका फॉर्मला लीड म्हणतात, आणि लीड ताजी असतानाच फोन करायचा असतो.

“नमस्कार, आपण कोथरूडच्या टू बीएचकेची चौकशी केली होती.”

“कोणी?”

“आपणच.”

“कधी?”

“आत्ता, दोन मिनिटांपूर्वी.”

“दोन मिनिटांपूर्वी मी झोपलो होतो. माझा नंबर कुठून मिळाला तुम्हाला? १९०९ ला तक्रार करू का?”

हे त्यातले सभ्य. एकदा एका आजींनी फोन उचलला. फॉर्म त्यांच्या नातवाने खेळता खेळता भरला होता. मी माफी मागून ठेवणार, तर त्या म्हणाल्या, “पण काय हो, मजला कितवा? स्वयंपाकघर पूर्वेला आहे का? कपडे वाळत घालायला जागा कुठेय?” मी सगळं सांगितलं. शेजारी कोण राहतं, पाणी किती वाजता येतं, सोसायटीत भांडणं कितपत, सगळं झालं. एवढे नेमके प्रश्न मला खऱ्या गिऱ्हाइकानेही विचारले नव्हते, म्हणून मी आशेने विचारलं, “मग कधी येता बघायला?” त्या म्हणाल्या, “अहो, आम्हाला कशाला? आमचं आहे की.” भाच्याने आपल्या तक्त्यात या आजींपुढे ‘हॉट लीड’ लिहून ठेवलंय, कारण बोलणं वीस मिनिटांच्या वर चाललं. दर पंधरवड्याला तो मला त्यांना फोन करायला लावतो. आजींना माझे गुडघे आणि मला त्यांच्या सुनेचा स्वभाव आता पाठ झालाय.

रील करणं हे वेगळंच प्रकरण. भाचा म्हणतो, “मामा, पहिल्या तीन सेकंदांत हुक पाहिजे, नाहीतर पब्लिक पुढे सरकतं.” कोथरूडच्या जुन्या सोसायटीत तीन सेकंदांत माझी सेफ्टी डोअरची किल्लीसुद्धा जुडग्यातून निघत नाही. मग आतलं लॅच, मग वरची कडी, मग पावसाने फुगलेलं दार खांद्याने ढकलणं. हे सगळं कापून भाचा मला थेट हॉलमध्ये उभा करतो आणि वर ढोल वाजवतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. त्यामुळे पहिल्या वाक्याला मला जी धाप लागलेली असते, ती लोकांना उत्साह वाटते.

शूटिंग करताना तो फोनचा कॅमेरा ०.५ वर, म्हणजे रुंद भिंगावर, ठेवतो. या भिंगातून बघितलं की ५६० चौरस फूट कार्पेटच्या घरात बेडरूमला दोन टोकं दिसायला लागतात. न्हाणीघरात चार माणसं जेवायला बसतील असं वाटतं. त्या रीलवर भाळून जे दोन-तीन खरे लोक आले, ते बेडरूममध्ये उभे राहून “बेडरूम कुठेय?” असं विचारत होते. पण खरी गंमत मालकाने केली. मालक बंगळुरूला मुलाकडे असतात, त्यांना मी कौतुकाने रील पाठवलं. रात्री त्यांचा फोन आला. आवाज भरून आला होता. म्हणाले, “अहो, आमचं घर इतकं मोठं आहे? पंचवीस वर्षं राहिलो, कधी लक्षातच आलं नाही.” मला वाटलं, आता किंमत वाढवतील. त्यांनी वाढवली नाही. त्यांनी घर विकायचंच रद्द केलं. जाहिरात पाहून ज्याचं मन शंभर टक्के वळलं असा मला आजवर भेटलेला तो एकमेव ग्राहक.

नवे प्रकल्प विकणाऱ्यांची तऱ्हा निराळी. त्यांच्याकडे ड्रोन असतो आणि अंतर मोजायला घड्याळ. ‘हिंजवडी फक्त १० मिनिटं.’ कुठल्या दिवशीची, किती वाजताची, ते सांगत नाहीत. माझा अंदाज आहे की दिवाळीच्या पाडव्याला पहाटे साडेचारला कुणीतरी गाडी काढून हे मोजलं असावं. २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्रीनंतर, कोथरूडहून भूगावला जाताना लागणाऱ्या चांदणी चौकातला जुना पूल पाडला, नवा उड्डाणपूल पुढल्या वर्षी ऑगस्टमध्ये सुरू झाला. त्या मधल्या काळातही भूगावच्या जाहिराती ‘कोथरूडपासून ५ मिनिटांवर’ म्हणतच होत्या आणि त्या जाहिराती आम्ही चांदणी चौकात उभ्या गाडीत, निवांतपणे, शेवटपर्यंत वाचत होतो.

तरी आता पूर्वीइतकं रान मोकळं नाही. बिल्डर आणि एजंटांना वेसण घालणारा रेरा कायदा २०१६ चा, त्याखालच्या आपल्या राज्याच्या महारेराचं काम १ मे २०१७ पासून चालू झालं, आणि नव्या प्रकल्पांचे फ्लॅट विकायचे तर एजंटालाही नोंदणी लागते. २०२३ मध्ये त्यावर प्रशिक्षण आणि परीक्षा आली. मीही बसलो. आजूबाजूला माझ्या भाच्याच्या वयाची पोरं, आणि त्यांत अधूनमधून माझ्यासारखे केस काळे करून आलेले काही जण. बायकोने दही-साखर हातावर ठेवली, याचा मला राग यायला हवा होता, पण बरं वाटलं. पास झालो. जुन्या सोसायटीतला रिसेलचा फ्लॅट विकायला मात्र ही परीक्षा लागत नाही, आणि माझा बराचसा धंदा तोच. म्हणजे ज्या कामासाठी मी उत्तीर्ण आहे ते मी क्वचित करतो, आणि जे रोज करतो त्याची परीक्षा कुणी घेतलेलीच नाही.

१ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर महारेराचा क्यूआर कोड छापावा लागतो. तो स्कॅन केला की प्रकल्पाचं पान उघडतं: ताबा कधीचा कबूल केलाय, कोर्टकचेरी काय चाललीय, सगळं. वर्तमानपत्राच्या पानावर हे ठीक आहे. पण रीलमध्ये कोड दाखवला तर माणूस रील ज्या फोनवर बघतोय त्याच फोनने तो स्कॅन कसा करणार? त्याला दुसरा फोन लागतो. दुसरा फोन बायकोकडे असतो. त्यामुळे घरात “कसला कोड? कुठलं घर? मला न विचारता?” हा विषय निघतो. ग्राहकांचं संरक्षण या मार्गानेही होत असेल, अशी कायदा करणाऱ्यांना कल्पना नसावी.

नोंदणी झाल्याशिवाय प्रकल्पाची जाहिरात करता येत नाही, असंही कायदा म्हणतो. म्हणून कोणी जाहिरात करतच नाही. ‘प्री-लाँच, बिल्डरचं नाव गुप्त, लोकेशन बाणेरच्या जवळ, फक्त आपल्यातच ठेवा’ असा निरोप एजंटांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात. व्हॉट्सअॅपने ग्रुपची मर्यादा २०२२ मध्ये १,०२४ माणसांवर नेली. आपल्यातच म्हणजे एवढ्यांतच.

या ग्रुपांविषयी थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण आमचा खरा सोशल मीडिया तोच. सकाळी सातपासून तिथे दोनच प्रकारचे निरोप पडतात. एक ‘अर्जंट रिक्वायरमेंट’, दुसरा ‘अव्हेलेबल’. ज्याच्याकडे गिऱ्हाईक आहे तो फ्लॅट मागतो, ज्याच्याकडे फ्लॅट आहे तो गिऱ्हाईक मागतो, आणि ज्याच्याकडे दोन्ही नाही तो मधे उभा राहून एकाचा निरोप दुसऱ्याला पाठवतो. ‘डायरेक्ट पार्टी’, ‘साइड बाय साइड’ (म्हणजे ज्याने त्याने आपापल्या पार्टीकडून दलाली घ्यायची), ‘ओन्ली व्हेज फॅमिली’, ‘बॅचलर चालतील पण मुली’, आणि शेवटी हमखास, ‘की विथ मी’. फ्लॅट सकाळी कोथरूडहून निघतो, दुपारी विमाननगर करतो, संध्याकाळपर्यंत त्याचं भाडं तीन हजारांनी वाढलेलं असतं आणि त्याला एक बाल्कनी फुटलेली असते.

मागच्या उन्हाळ्यात डहाणूकर कॉलनीतल्या भाड्याच्या फ्लॅटचे फोटो मी ग्रुपवर टाकले. बेडरूमच्या कपाटाला आरसा होता, त्यात फोन धरलेला मी आलो होतो. बनियनवर नव्हतो एवढंच. चार दिवसांनी वाघोलीच्या त्या गृहस्थांचा फोन आला, ‘ऑसम’वाल्यांचा.

“सर, तुमच्या एरियातली मस्त प्रॉपर्टी आहे. तुमच्याकडे कस्टमर असेल तर बघा. फोटो टाकलेत.”

मी फोटो उघडले. तिसऱ्या फोटोत मी उभा.

“फोटो तुम्हीच काढलेत का?” मी विचारलं.

“म्हणजे काय सर! स्वतः जाऊन.”

“आरशात दिसतायत ते कोण?”

थोडं थांबून ते म्हणाले, “ओनर असतील.”

“आणि किल्ली?”

“माझ्याकडेच आहे.”

किल्ली माझ्या टेबलासमोरच्या खिळ्याला लटकत होती, पंख्याच्या वाऱ्याने हलत होती. पण मी काही बोललो नाही. माणूस वाघोलीहून मला माझाच फ्लॅट साइड बाय साइड देत होता, त्याचं मन कशाला मोडा? “बघतो,” म्हटलं, आणि त्यांच्या नव्या रीलला जाऊन बदाम दिला.

तो फ्लॅट गेला, पण रीलमुळे नाही, ग्रुपमुळेही नाही. सोसायटीच्या वॉचमनने दिला. हे लातूरकडचे काका फाटकाशी खुर्ची टाकून बसतात. त्यांचा सोशल मीडिया म्हणजे व्हॉट्सअॅप स्टेटस, बस. तिथे ते फक्त एक फोटो टाकतात: फाटकात उभा असलेला सामानाचा टेम्पो. खाली ओळ नाही, ढोल नाही, नंबर नाही. पण टेम्पोवर फ्रिज चढतोय की उतरतोय एवढं दिसतं आणि तेवढं पुरतं. मालकाने आम्हाला कळवायच्या आधी दोन दिवस परिसरातल्या सगळ्या एजंटांना, शेजारच्या मेसमधल्या पोरांना आणि समोरच्या इस्त्रीवाल्याला कळलेलं असतं की दोनशे चार रिकामा झाला. चोवीस तासांत स्टेटस पुसलं जातं आणि बहुधा त्याच्या आधी फ्लॅटही जातो.

भाच्याने हे ऐकलं आणि त्याचे डोळे चमकले. एवढी कमी मेहनत आणि एवढा रिझल्ट हे त्याच्या शास्त्रात बसत नव्हतं. तो रविवारी मला घेऊन फाटकाशी गेला आणि काकांना समजावू लागला: आपण कोलॅब करू, तुमचं पेज काढू, टेम्पोपासून सुरुवात, मग तुम्ही खुर्चीवरून उठून कॅमेऱ्याकडे येता, मग बीट पडतो.

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. तंबाखू मळून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, “साहेब, पोरगं हुशार आहे. अर्ध्या महिन्याचं भाडं माझं, ते आधी. उठायला लावणार असाल तर पूर्ण महिन्याचं.”