सुट्टे नाहीत, चॉकलेट घ्या

जगातला सर्वांत सद्वर्तनी चॉकलेट-ग्राहक आमच्या चिचगडात राहतो, हे एकदा सरकारदरबारी नोंदवून घ्यायला हवे. बाजारात दुकानदार एक रुपया परत देण्याऐवजी जे चॉकलेट त्याच्या हातावर टेकवतो, त्यात साखर असते, रंग असतो, वासही असतो. कोको मात्र औषधालाही नसतो. कोकोच नाही म्हटल्यावर घाना आणि आयव्हरी कोस्टच्या मळ्यांत कोयता चालवणाऱ्या पोरांचे पाप त्याला लागणार कसे? शिवाय ते चॉकलेट त्याने मागितलेले नसतेच.

बाकीच्या जगाला मात्र पुण्य विकत घ्यावे लागते. 2001 साली अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहाने चॉकलेटवर ‘गुलामांच्या श्रमाविना’ असा शिक्का आणण्याच्या योजनेला पसंती दिली. कंपन्यांच्या तोंडचे पाणी पळाले. वजनदार मध्यस्थ धावले आणि कायद्याच्या जागी हार्किन-एंगल नावाचा स्वखुशीचा करार आला. सर्वांत वाईट प्रकारची बालमजुरी 2005 पर्यंत संपवू, असे ठरले. 2005 चे 2008 झाले, 2008 चे 2010, आणि मग 2020. संपवण्याचेही पुढे 70 टक्के कमी करणे झाले. 2020 मध्ये शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांचा अहवाल आला, तेव्हा त्या दोन देशांत कोकोत राबणारी मुले निघाली सुमारे 15 लाख 60 हजार. आमचे रस्त्याचे ठेकेदार उगीच बदनाम आहेत.

याच अमेरिकेने नोव्हेंबर 1999 मध्ये आपल्याकडच्या एका कारखान्याची बिडी बंदरावर अडवली होती. वेठीला धरलेली मुले ती वळतात, हे कारण. ना करार, ना मुदतवाढ, थेट दार बंद. योग्यच केले. बिडीला वॉशिंग्टनात ओळखीपाळखी नव्हत्या, एवढाच काय तो फरक.

बिडीचा विषय निघाला की आमच्या गोंदिया जिल्ह्याला गप्प बसवत नाही. बिडीला पान पुरवणारा आमचा तेंदू मोठा शिस्तीचा. तो शाळा बुडवत नाही, ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीतच तोडणीला येतो. पहाटे आख्खे घर जंगलात, दुपारी ओसरीवर 70-70 पानांचे पुडे बांधायचे, संध्याकाळी ते फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर, मोजून द्यायचे. दर शेकड्याचा. शेकडा भरायचा तर घरातले सगळे हात लागतात, आणि आठ-नऊ वर्षांची बोटे पाने जुळवायला फार चपळ. कोणी साहेब डोकावलाच तर उत्तर तयार असते : ‘पोट्टा खेळून रायला, साहेब.’

साहेबालाही ते सोयीचे पडते. 1986 च्या बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली. चौदाच्या आतल्या मुलाने शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या धंद्याला हातभार लावायला हरकत नाही, काम धोक्याचे नसले म्हणजे झाले. सुट्टीत! संसदेने तेंदूच्या झाडाला विचारूनच मसुदा केला असावा. मे महिन्यातले जंगल, त्यातले साप, अस्वले आणि डोक्यावरचे ऊन धोक्याचे की नाही, ते सुट्टीचा गृहपाठ म्हणून मुलांनीच ठरवावे.

नागपूरच्या मॉलमध्ये तीनशे रुपयांच्या चॉकलेटची मागची बाजू चष्मा लावून वाचणाऱ्या ताईंबद्दल मला आदरच आहे. त्यांनी वाचतच राहावे. युरोपातल्या नियमाने चॉकलेटात पाच टक्क्यांपर्यंत सालबियांची चरबी चालते. आमच्या पूर्वेला राज्याची हद्द ओलांडून पुढे गेले की सरईची, म्हणजे सालाची, झाडे लागतात आणि त्या बिया पावसाच्या आधी जमिनीवरून वेचाव्या लागतात. कोणी वेचल्या, ते वेष्टन सांगत नाही. त्याच ताई पुढे किराण्याच्या रांगेत बासुंदीसाठी चारोळी घेतात. तिची मागची बाजू कोरीच असते. चारोळीच्या, म्हणजे चाराच्या, झाडाची फळे गोळा करायची, सालपट काढायचे, मग एकेक बी फोडून दाणा काढायचा. एवढ्या बारीक कामाला कोणाचे हात लागले असतील, हे बासुंदीच्या वाटीने कधी विचारलेले नाही. दुकानदाराला मात्र त्या विचारतात, ‘इतकी महाग?’

म्हणून मी सुचवले की बिडीच्या बंडलावरच ‘या पानाला मुलाचा हात लागलेला नाही’ असे छापावे. एका जाणकाराने समजूत घातली. 2016 पासूनच वेष्टनाच्या दर्शनी भागाची 85 टक्के जागा कर्करोगाच्या चित्राला आणि इशाऱ्याला राखून ठेवली आहे. ती ओढणाऱ्याच्या काळजीची. उरलेल्या 15 टक्क्यांत कारखान्याचे नाव, छाप आणि किंमत कशीबशी मावते. तोडणाऱ्याच्या नावाने अर्ज करा, म्हणाला, पुढच्या मुदतवाढीत पाहू.