फोटो आला, पण नजर गेली

आंबा घाटात पावसाळ्याचं पहिलं धुकं उतरलं की पाठोपाठ ते मलकापुरातल्या मोबाईलांतही उतरतं. कोल्हापूर–रत्नागिरी रस्त्यावरून जाणारा प्रत्येक सज्जन घाटात गाडी बाजूला घेतो, दरीकडं मोबाईल धरतो आणि जे दिसत नाही त्याचा फोटो काढतो. गावच्या ग्रुपवर तो येतो तेव्हा एक पांढरा चौकोन असतो आणि कोपऱ्यात मोटारसायकलचा अर्धा आरसा. खाली लगेच रांग लागते. ‘नाद खुळा!’ ‘विषय हार्ड!’ ‘जाळ अन् धूर संगटच!’ धूर तेवढा खरा असतो. हे धुकं दरीतलं की लेन्सवर धरलेली वाफ, ही चौकशी कुणी करत नाही. करूही नये. ग्रुपवरच्या फोटोंचा एक शिष्टाचार आहे. तो कुठं लिहिलेला नाही, पण नगरपरिषदेच्या कुठल्याही उपविधीपेक्षा कडक पाळला जातो.

त्यातला मुख्य नियम असा, की फोटो बघायचा नाही, तो कुणी टाकलाय ते बघायचं. बर्कीच्या धबधब्याचा फोटो एखाद्या माजी पदाधिकाऱ्यानं टाकला, तर त्यात धबधबा किती आणि साहेबांची पाठ किती हे न मोजता ‘साहेब, एकच नंबर’ लिहायचं. तोच धबधबा कॉलेजातल्या पोरानं पहाटे जाऊन, दगडावर तासभर बसून, पाण्यावर ऊन पडायची वाट बघून टिपला असेल, तर त्याला दोन अंगठे मिळतात. त्यातला एक चुलतभावाचा.

दुसरा नियम परतफेडीचा. तुम्ही माझ्या नव्या म्हशीच्या फोटोला बदाम दिलात, म्हणून मी तुमच्या नातवाच्या जावळाला दिला. ज्यानं गेल्या गणपतीत माझ्या आरासीकडं बघितलं नाही, त्याच्या सोनचाफ्याचा फोटो यंदा माझ्याही मोबाईलवर उघडणार नाही. हिशेब इतका चोख असतो की फुलाला त्यात काही म्हणायला जागा उरत नाही.

तिसरा नियम टीकेचा. फोटो वाईट असेल तर सांगायचंच नाही. अगदीच राहवेना तर खासगीत सांगायचं, पण फोटो काढणाऱ्याला नव्हे, तिसऱ्याच माणसाला.

व्हॉट्सअॅपनं २०२२ मध्ये संदेशावर बोट दाबून भावना व्यक्त करायची सोय आणली आणि उरलंसुरलं बोलणंही संपवलं. सुरुवातीला तयार चिन्हं सहा होती. भरतमुनींनी रस सांगितले आठ. दोन रसांची ही काटकसर आपल्याला कधी जाणवली नाही, कारण सहांपैकीही आपण अंगठा, बदाम आणि जोडलेले हात एवढ्यावरच भागवतो. सकाळी कुणाच्या तरी आजोबांचा हार घातलेला फोटो येतो, खाली दुःखद निधनाचा मजकूर असतो, आणि झोपेतून उठलेली मंडळी त्यावरही अंगठा ठेवून आंघोळीला जातात.

सगळ्यांची नजर अशी गेली असं मात्र म्हणता येणार नाही. गावात स्टुडिओवाला आहे. लग्नाच्या हॉलमधल्या हिरव्या-जांभळ्या दिव्यांत नवरीचा रंग कसा राखायचा हे त्याला कळतं. फोटो डोळ्यांवर फोकस झालाय की मागच्या कमानीवर, हे तो लांबून सांगेल. पण तो ग्रुपवर कधीच तोंड उघडत नाही. गावातला एकमेव जाणकार गप्प आहे, कारण सगळा ग्रुप त्याचं गिऱ्हाईक आहे.

बोलतो तो दुसराच. हा पुण्याला दोन दिवसांची कार्यशाळा करून आलेला असतो आणि येताना ‘रूल ऑफ थर्ड्स’ घेऊन येतो. तेव्हापासून म्हैस असो, महापूर असो की हळदीचा कार्यक्रम, त्याचं मत ठरलेलं: ‘विषय एक-तृतीयांशावर हवा होता.’ दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्याच्या फोटोवरही त्यानं हेच लिहिलं. मग विचारणा झाली, की गुरुजींना मधल्या खुर्चीवरून उठवून कडेला बसवायचं होतं का? वास्तविक हा नियम जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकारानं १७९७ मध्ये निसर्गचित्रांविषयी लिहिताना मांडला. तेव्हा कॅमेरा जन्मायचा होता, आणि गुरुजींना कुठं बसवावं याबद्दल स्मिथसाहेबांचं काहीही म्हणणं नव्हतं.

एका प्रकारच्या फोटोला तर हा सल्लागारही हात लावत नाही. जुलै आला, पन्हाळा ते विशाळगड मोहिमांची पावलं चिखलात उमटू लागली, की कुणीतरी पावनखिंडीचा ‘दुर्मिळ अस्सल फोटो’ पाठवतो. खिंडीतली लढाई १६६० सालची. छायाचित्रणाची कला जगापुढं आली १८३९ मध्ये. मधली १७९ वर्षं त्या फोटोनं कुठं काढली हे विचारायचं नसतं, कारण फोटोवर शंका घेतली की ती इतिहासावर घेतली असं ठरतं. संगणकानं मिनिटभरात रंगवलेल्या त्या चित्रात मावळ्याच्या एका हाताला सहा बोटं असतात. ती मोजणारा सापडत नाही. बाजीप्रभूंच्या पराक्रमाला असल्या खोट्या पुराव्याची गरज नाही, हे म्हणायला लागणारं धाडस मात्र ग्रुपवर दुर्मिळ आणि अस्सल आहे.

जगात इतरत्र ही बोटं मोजतात. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २०१७ साली ब्राझीलमधल्या एका फोटोला बक्षीस मिळालं. रात्रीचं आकाश, चमकणारं वारूळ, पायथ्याशी मुंगीखाऊ. पुढच्या वर्षी तज्ज्ञांनी त्या प्राण्याचे पट्टे आणि केसांची ठेवण एका भुसा भरलेल्या मुंगीखाऊशी ताडून बघितली. दोन्ही जुळले, आणि म्युझियमनं बक्षीस काढून घेतलं. २०२४ मध्ये दुसऱ्या एका स्पर्धेत उलटंच झालं. संगणकानं बनवलेल्या चित्रांच्या विभागात पाठवलेला फ्लेमिंगोचा एक फोटो बाद झाला, कारण तो खराखुरा निघाला. आपल्या ग्रुपवर दोघांनाही ‘नाद खुळा’च मिळालं असतं. भुशालाही आणि फ्लेमिंगोलाही.

फोटो बघणं ही पद्धत आपल्याकडं बाहेरून आणायची गोष्ट नाही. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. मंडळी जमायची, एकमेकांचे फोटो समोर ठेवायची आणि त्यावर बोलायची. १८५६ पासून मुंबईतून हौशी छायाचित्रकारांचा एक मासिक अल्बम निघू लागला. त्याच्या एका अंकात फोटो असायचे तीन. महिन्याला तीन! आपल्याकडं चहाचा कप खाली ठेवेपर्यंत एकाच थाळीचे तेवढे येतात, त्यातले दोन हललेले. आणि आपल्या जिल्ह्याचं काय सांगावं? बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात स्वतः कॅमेरा तयार करून ‘सैरंध्री’ काढला तो १९२० मध्ये पडद्यावर आला. त्यातला कीचकवध बघून प्रेक्षक हादरले आणि ते दृश्य पुढं काढावं लागलं. हादरायला निदान डोळे पडद्यावर असावे लागतात.

न बघता टाकायचं आणि न बघता वाखाणायचं, याची किंमत कधी कधी मुक्या जनावरालाही मोजावी लागते. चांदोलीकडच्या रानातून एखादा गवा उसात उतरतो. पहिला फोटो येतो तो शिवाराच्या नावासकट, वळणाच्या खुणेसकट. संध्याकाळपर्यंत बांधावर मोटारसायकली लागतात, पोरं शिट्ट्या मारतात, आणि गवा बिथरून धावला की ‘गव्याचा हल्ला’ म्हणून दुसरा फोटो येतो. १९७२ च्या कायद्यानं या जनावराला वाघाच्या बरोबरीचं संरक्षण दिलंय. ग्रुपनं त्याला पत्त्यासकट प्रसिद्धी दिली. घरट्यातल्या पिल्लांचंही तेच. फांद्या बाजूला करून फोटो काढला की पक्षिणीला पिल्लं सापडोत न सापडोत, कावळ्याला नक्की सापडतात. आणि एसटी स्टँडच्या बाकावर तोंड उघडं टाकून झोपलेल्या माणसाच्या बाबतीत तर कायद्याचंही भान कुणी ठेवत नाही. त्याचा फोटो विनोद म्हणून फिरतो आणि त्याची मुलगी त्याच ग्रुपवर असते.

आता हीच माणसं जत्रेच्या जेवणाला बसलेली बघा. तांबड्या रश्श्याचा पहिला घोट पोटात गेला की पंगतीतून निकाल येतो. ‘तर्री बरी हाय, पण खोबरं जरा जास्त भाजलंय.’ ‘मीठ पुढं हाय.’ पांढऱ्याला उकळी जास्त लागून तो फुटला, तर वाटी तोंडाला लावायच्या आधी कळतं. आचारी तिथंच उभा असतो. तो ऐकतो, मान हलवतो आणि पुढच्या पातेल्यात दुरुस्ती करतो. आचारी कुणाच्या गटाचा आहे, गेल्या वर्षी त्यानं आपल्याला किती वाढलं, हे कुणी मध्ये आणत नाही. कुणी त्याला ‘रस्सा एक-तृतीयांशावर हवा होता’ असंही सांगत नाही. काय चुकलं, कुठं चुकलं आणि काय केलं असतं तर जमलं असतं, एवढंच बोलणं होतं. जगातल्या कुठल्याही कला-समीक्षकाला यापेक्षा जास्त येत नाही. म्हणजे जीभ शाबूत आहे. ती फोटोपुढं आली की पाहुण्यासारखी वागते, इतकंच.

म्हणून ग्रुपच्या ॲडमिननं पंगतीचा कायदा फोटोंना लावावा अशी आमची सूचना आहे. दिवसाला एकानं एकच फोटो टाकावा, आणि तो कुठला निवडला हे त्यानं घरीच ठरवावं, ते काम ग्रुपवर ढकलू नये. कसा काढला, काय साधायचं होतं, हे एका ओळीत सांगावं. संगणकानं काढलेलं असेल तर तसं लिहावं. दुसऱ्याचा फोटो असेल तर त्याचं नाव ठेवावं, ते कापून त्याजागी ‘शुभेच्छुक’ म्हणून आपलं चिकटवू नये. बोलणाऱ्यानं आधी काय जमलंय ते दाखवावं, मग काय खटकलं ते, आणि दोन्ही वेळा बोट फोटोवर ठेवावं, माणसावर नाही. मोठ्यांना ‘अण्णा, क्षितिज वाकडं आलंय’ असं म्हणायला हरकत नाही. ‘अण्णा’ म्हटल्यानं आदर राहतो आणि क्षितिजही सरळ होतं. गव्याचा, घरट्याचा पत्ता देऊ नये. माणसाचा फोटो त्याला विचारून टाकावा, आणि झोपलेल्याला विचारता येत नाही म्हणून टाकूच नये.

मुहूर्त मात्र निवडणूक बघून धरावा. उमेदवाराच्या फोटोखाली एखाद्या प्रामाणिक माणसानं निव्वळ रचनेच्या दृष्टीनं ‘मागचे चौघं काढून टाकले तर चित्र जास्त स्वच्छ होईल’ असं लिहिलं, तर त्या संध्याकाळी पॅनेल फुटेल, ॲडमिन बदलेल, आणि ते चौघं अपक्ष उभे राहतील.