लाल म्हणजे कुठपर्यंत लाल?

पक्षी पाहणाऱ्यांच्या कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपात एक तरी ‘पुरावा काका’ असतातच. निवृत्तीआधी ते ऑडिटला असतात, नाहीतर करसल्लागार असतात, अगदीच नाही तर बँकेत इन्स्पेक्शनला असतात. उभी हयात दुसऱ्याच्या कागदावर लाल पेन्सिलीने ‘तपशील जोडावा’ असं लिहिण्यात गेलेली असते. निवृत्तीनंतर ती पेन्सिल स्वस्थ बसू देत नाही. काकू म्हणतात, जरा टेकडीवर तरी जाऊन या. टेकडीवर पक्षी असतात. त्यांची आजवर कोणी रीतसर चौकशीच केलेली नाही, हे काकांच्या पहिल्याच दिवशी लक्षात येतं.

आमच्या वेताळ टेकडीवरचे काका हे करसल्लागार होते. डोक्याला कानटोपी, अंगात असंख्य खिशांचं जाकीट, गळ्यात दुर्बीण. एका खिशात कच्ची वही, दुसऱ्यात पक्की वही. कॅमेरा नाही. फोटो काढणं हे इतरांचं काम आणि तो नामंजूर करणं हे काकांचं, अशी कामाची वाटणी त्यांनी स्वतःच करून टाकली आहे. ग्रुपवर कोणी पहाटे उठून, काट्यांतून सरपटत काढलेला फोटो टाकला, तर खाली पन्नास अंगठे आणि तीस फुलं येतात. मग काका येतात. ‘शेपटीचं बूड दिसत नाही. दुसरा फोटो आहे का?’

मोर, घार, कावळा यांच्यात काकांना रस नाही. ते आपले उघड व्यवहार. काकांचा खरा जीव आहे तो लाल कंठाच्या माशीमारावर. जेमतेम अकरा-बारा सेंटीमीटर लांब, वजनाला दहा ग्रॅमच्या आसपास. दिसायला मातकट, सावलीत बसणारा, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला. अशा साध्या दिसणाऱ्या माणसांचीच फाइल आधी उघडावी, हा काकांचा नोकरीतला अनुभव.

तरुण पोरं धावत येतात. ‘काका, काका, फ्लायकॅचर! लाल गळ्याचा!’

‘लाल म्हणजे कुठपर्यंत लाल?’

‘म्हणजे... गळ्यावर.’

‘गळ्यावरच की छातीवर उतरलेला? लालीच्या भोवती करडी चौकट होती? चोचीचा खालचा भाग फिकट होता का सगळीच काळी?’

पोरांचा आनंद इथवर बराच उतरलेला असतो. पण काकांच्या प्रश्नांत तथ्य असतं, ही खरी अडचण. या माशीमाराचा एक जुळ्यासारखा दिसणारा भाऊ आहे, तैगा माशीमार. पूर्वी दोघं एकाच जातीत मोडत. पुढे पक्षीशास्त्रज्ञांनी वाटण्या केल्या. आपला तो पार्व्हा, युरोपातला आणि पश्चिम सायबेरियातला. दुसरा अल्बिसिला, त्याहून पूर्वेचा, हिवाळ्यात मुख्यतः आग्नेय आशियाकडे आणि आपल्या पूर्व भागात उतरणारा. तैगाची चोच काळी, आणि शेपटीच्या बुडावरची पिसं शेपटीहूनही काळी. शिवाय तैगाच्या नराची लाली हिवाळ्यात उतरते, पार्व्हाच्या प्रौढ नराची टिकते. ‘म्हणजे डिसेंबरात लाल गळा दिसला, हा पार्व्हाच्या बाजूने एक मुद्दा झाला,’ काका म्हणतात. ‘एकच.’ या वाटण्यांमुळे काकांच्या वहीतल्या जुन्या नोंदी एका झटक्यात संशयित झाल्या. त्या त्यांनी खोडल्या नाहीत. समोर ‘प्रलंबित’ लिहिलं. ई-बर्डवर दोन्ही नावं मध्ये तिरकी रेघ देऊन एकत्र नोंदवायची सोय आहे, ती तर काकांना फार प्रिय. खात्री नसेल तर स्लॅश करा, हा त्यांचा सगळ्यांना सल्ला.

एकदा एका ताईंनी ग्रुपवर लिहिलं, ‘आज मादी दिसली, काय गोड!’ गोडाबद्दल काकांचं काही म्हणणं नव्हतं. ‘मादी कशावरून?’ कारण पहिल्या वर्षाच्या नराचाही गळा पांढुरकाच असतो. लाली यायला पुढचा हंगाम, कधी त्याच्याही पुढचा उजाडतो. ‘मादी लिहू नका. मादीसारखा लिहा.’ वर त्यांनी माहिती पुरवली, की हा पठ्ठ्या गळा रंगायच्या आधीच, त्याच मळकट पोशाखात संसारही थाटतो. ताईंनी ग्रुप सोडला. काकांनी पक्क्या वहीत नोंद केली : लिंग अनिश्चित. ताईंचं नव्हे, पक्ष्याचं.

काकांबरोबर उभं राहिलं तर एक मात्र होतं, पक्षी दिसतो. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीमागे आंब्याची खालची फांदी आहे, तिथे ऑक्टोबरात एक येऊन ठाण मांडतो. पंख जरा खाली सोडलेले, शेपटी वर. ती झटकन उचलली की काळ्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरे ठिपके चमकतात. मग कोरडं, कंगव्याच्या दातांवरून नख फिरवल्यासारखं ‘टर्रर्र’. सूर मारून हवेतला किडा टिपायचा, फांदीवर परत. मध्येच जमिनीवर उतरून काहीतरी उचलायचं, पुन्हा वर. हिवाळाभर एकटाच. दुसरा माशीमार हद्दीत आला की टर्रर्र वाढते. वॉचमनही त्याला एव्हाना ओळखतो, कारण टँकर आला की काका टँकरवाल्याला हॉर्न वाजवू देत नाहीत.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. पहिला दिवस मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा सालीम अलींच्या. त्या आठवड्यात शाळांना वक्ते कमी पडतात, म्हणून काकांनाही बोलावणं येतं. अशाच एका शाळेत काकांनी सांगितलं, की याचे युरोपातले माशीमार भाऊबंद, ठिपक्यांचे आणि काळेपांढरे, हिवाळ्यात आफ्रिकेला जातात. हा एकटा तिकडे न वळता पूर्वेची वाट धरून भारतीय उपखंडात येतो. तेव्हा चौथीतल्या एका पोराने हात वर केला. ‘मग त्याला पासपोर्ट लागतो का?’

मुलं हसली. काका हसले नाहीत. इतका मुद्देसूद प्रश्न त्यांना मोठ्यांकडून कधी आला नव्हता. त्यांनी खडू मागितला. ‘पासपोर्ट लागत नाही. पण तो रहिवासी कुठला, हे ठरवावं लागेल.’ फळ्यावर मांडणी सुरू झाली. ऑक्टोबर ३१, नोव्हेंबर ३०, डिसेंबर ३१, जानेवारी ३१, फेब्रुवारी २८, मार्च ३१. बेरीज १८२. आयकर कायद्यात एका आर्थिक वर्षात १८२ दिवस भारतात राहिला की माणूस रहिवासी! ‘आणि लक्षात घ्या, पक्षी सप्टेंबरअखेर येतो, काही तर एप्रिलातही रेंगाळतात. सगळा मुक्काम जवळजवळ एकाच आर्थिक वर्षात. लीप वर्षात एक दिवस वरच!’ काकांचा आवाज कापत होता. उभ्या कारकिर्दीत इतका स्वच्छ अशील त्यांना मिळाला नव्हता. शिक्षकांनी टाळ्या वाजवायला सांगितल्या.

काकांचा मुलगा जर्मनीत असतो. मे महिन्यात काका-काकू त्याच्याकडे गेले. काकू नातवाकडे बघत बसल्या, काका मेक्लेनबुर्गातल्या जुन्या बीचवृक्षांच्या जंगलात मान वर करून उभे राहिले. तिथे हा पक्षी मे उजाडल्यावर येतो, उंच झाडांच्या शेंड्यात गातो, झाडाच्या ढोलीत नाहीतर खोबणीत पाच-सहा अंडी घालतो आणि ऑगस्ट सरता सरता गाशा गुंडाळायला लागतो. काकांनी त्याचं गाणं जन्मात पहिल्यांदा ऐकलं, वरून खाली उतरत जाणाऱ्या शिट्ट्यांचं. पक्षी मात्र दिसेना. तिथे भेटलेल्या एका वयस्कर जर्मन गृहस्थांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं, की हा आमचा पक्षी. आमच्याच बेखश्टाइनने १७९२ साली त्याला शास्त्रीय नाव दिलं.

‘नाव ठेवल्याने रहिवासी ठरत नाही,’ काका म्हणाले, आणि त्यांनी कच्ची वही काढली.

ते गृहस्थही निवृत्त करसल्लागार निघाले. दोघांनी मे, जून, जुलै, ऑगस्ट मोजले. बेरीज १२३. त्यात मेचे पहिले दिवस धरायचे की नाहीत, यावर तासभर वाद झाला, तोही शेपटीच्या बुडाशी येऊन थांबला. दोघं आता रोज एकमेकांना मेल करतात.

मुलगा म्हणाला, ‘बाबा, तुम्ही दोघं आता इकडेच या, कायमचे.’ काकांनी साफ सांगितलं, ‘ऑक्टोबर ते मार्च जमणार नाही. मला तिकडे हजर राहावं लागतं.’

काकूंनी विचारलं, ‘आणि मी कुठली रहिवासी हो?’

‘तुझे दिवस मोजावे लागतील,’ काका म्हणाले.

त्या दिवशीचा दुपारचा चहा काकांनी स्वतःच करून घेतला.